दयाच्या दहाव्याचा बॅनर

बल्लाळेश्वराची शप्पत, यातलं एक अक्षर खोटं नाही. खोटं निघालं तर माझी उरलीसुरली दाढ आत्ता तुमच्या चहात पडू दे. हसू नका! मी तिथंच होते, सुजितच्या पडवीत, सुपात डाळ निवडत. आणि सुजित जमिनीवर पालथा पडून त्या कॉम्प्युटरच्या पोटात बघत होता.

“पंखा फिरतोय, लाईट लागतोय, पन डिस्प्ले न्हाय.”

म्हणजे श्वास चालू, पण ओळख नाही. माझ्या सासऱ्यांचं शेवटी असंच झालं होतं. फक्त ते शिव्या द्यायचे, हा गप्प होता.

सुजित म्हणजे आमच्या शेजारच्या आवडाबाईचा धाकटा. दिवेआगरच्या अलीकडे कुणाचा वाढदिवस असो की कुणी वर गेलेलं असो, नाक्यावर जो बॅनर लागतो तो सुजितच्या मशीनमधून निघतो. कुणाला गोरं कर, कुणाचा गळा लपव. टकल्या सदाला त्याने वाढदिवसाला एवढे केस दिले की सदा आठ दिवस त्या बॅनरखालीच डबा खायला बसायचा. गावातला एकेक मेलेला माणूस सुजितच्या हातून नीट भांग पाडून घेऊन गेला. पण स्वतःच्या घरातलं गेलेलं माणूस त्याने कधी नाक्यावर चढवलं नव्हतं. वेळ आली नव्हती.

आणि आली ती थोरल्याची. दयाराम मांडव्याला लाँचवर खलाशी होता. दोर टाकताना पाय सरकला आणि लाँच आणि धक्का यांच्या मध्ये गेला. त्याच्याबरोबर मोबाईल गेला, खिशातलं आधार कार्ड गेलं. घरातले अल्बम वीस सालच्या वादळातच भिजून लगदा झाले होते. जे फोटो धड होते ते सुजितने मशीनमध्ये घालून घेतले आणि ओले कागद टाकून दिले. त्यामुळे दया आता फक्त त्या मशीनमध्ये उरला होता. आणि दुसऱ्या दिवशी दहावा.

मग असल्या दिवशी ते उघडायचं कशाला? तर मशीनचा जुना डबा खाऱ्या वाऱ्याने इतका गंजला होता की एका बाजूने आत शिरलेली मांजर दुसऱ्या बाजूने बाहेर यायची. दयाने जायच्या आधीच मुंबईहून नवा कॅबिनेट आणून दिला होता. पुढे निळा दिवा लागणारा. “घे, तुझ्या मशीनला नवं घर,” म्हणाला होता. सुजितने हट्टच धरला, भावाचा बॅनर भावाच्या डब्यातूनच निघणार. सकाळी आतलं सगळं सामान काढून त्याने नव्या डब्यात बसवलं.

आणि हे असं झालं.

वायर बदलून झाली. सदाचा टीव्ही आणून लावून बघितला. रॅम म्हणून एक पट्टी असते, ती काढून खोडरबरने घासली, फुंकर मारली, परत बसवली.

“आता?” आवडाबाईने आतून विचारलं.

“पडदा काळाच हाय.”

“नाय कसा व्हनार? घरात पाऊल टाकल्यापास्नं एकेक काळंच व्हतंय.”

हे सुनेला. जनी, दयाची बायको, दाराआड गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. नवरा गेल्यापासून सासू तिला नाव घेऊन हाक मारत नव्हती.

सुजितने पुन्हा बटण दाबलं. चट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. त्याने वायर ओढून काढली. मग एकेक स्क्रू सोडवून हिरवा बोर्ड हळूच उचलला.

खाली वाळलेल्या पिठाचा पिवळा गोळा होता. त्यात तांब्याचा पैसा उभा रुतलेला, बोर्डाला टेकलेली कड काळी पडलेली.

आमच्याकडे नव्या घराचा उंबरा बसवतात ना, तेव्हा घरची बाई त्याखाली हळदीच्या पिठात पैसा ठेवते. घर टिकतं. जनीने नवऱ्याचे ‘नवं घर’ हे शब्द धरले होते. सकाळी सुजित अंघोळीला गेला तेव्हा तिने त्या मोकळ्या डब्यात पैसा ठेवला, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. अंघोळ करून आल्यावर त्याने फूल उचलून कपाळाला लावलं आणि बोर्ड वरून बसवून टाकला. पिठात काय आहे ते बघितलंच नाही.

“काय निगालं रं?” आवडाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

सुजितने मूठ मिटली.

“काय न्हाय आये. खारा वारा. बोर्ड सडलाय.”

“हिनं हात लावला आसंल.”

“वयनी फिरकली बी न्हाय हिकडं. मीच घाई केली. सखुआजी सकालपास्नं बसलीय, तिला इचार.”

आता बघा. सखूचं तोंड आणि गावचा नळ, दोन्हींना चावी नाही असं लोक म्हणतात. मी म्हटलं, “व्हय गं आवडा, पोरगी आतच हाय सकालपास्नं.” आणि डाळीतला चांगला दाणा खडा म्हणून फेकून दिला. आवडाबाई गेल्या साली गेली, म्हणून आज बोलते.

जनी मात्र सुजितच्या बोटांकडे बघत होती. पिवळी झाली होती ती.

“भावजी,” ती एवढंच म्हणाली.

“च्या टाका वयनी,” तो म्हणाला.

मग फोटो असतात ती डिस्क पिशवीत घालून तो म्हसळ्याला दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुपार ढळल्यावर परत आला, गाडी उभी केली आणि गाडीवरच बसून राहिला.

“डिस्क बी जलली,” म्हणाला. “दादा ग्येला.”

हे तो तोपर्यंत बोलला नव्हता. प्रेत आणलं तेव्हासुद्धा नाही.

दहाव्याच्या सकाळी तो परसात लाकडांच्या ढिगावर चढला. आमच्याकडे जुने बॅनर लाकडं झाकायलाच घालतात. ढिगावरचा बॅनर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा होता. वर पुढारी बैलाएवढा आणि खाली शुभेच्छुकांची रांग, सुपारीएवढी तोंडं. बॅनर सुजितनेच केलेला, त्यामुळे त्या रांगेत कडेला असलेला दया त्याला पाठ होता. ब्लेडने त्याने तेवढाच तुकडा कापला. त्यात दया हसत होता.

पाटावर तांदूळ पसरून त्यावर तो तुकडा उभा केला. हार नेहमीच्या मापाचा आणलेला. तो घातला की दया झाकून जायचा. जनी हार खाली सरकवायची, तो पुन्हा वर यायचा. शेवटी आवडाबाईच उठली. हारातलं एक झेंडूचं फूल तोडून तिने सुनेच्या हातात दिलं. “घे जने, येवडंच ठेव,” म्हणाली. लोक वाकून वाकून हात जोडून गेले.

बरं, एक कबूल करते. दया हसत होता म्हटलं ना, ते मी पदरचं लावलं. उन्हापावसात तोंड कधीच उडून गेलं होतं, नुसता पांढरा ठिपका. चौकडीच्या शर्टाची कॉलर तेवढी उरली होती. ती जनीने ओळखली.