कुलूपवाल्याने भिजवलेला टोप

कुलूप गंजलं की ते तेलात बुडवायचं आणि रात्रभर विसरून जायचं, हा कुलूपवाल्याच्या आयुष्यातला एकमेव सिद्धान्त होता. घाई केली की चावी मोडते. हा सिद्धान्त त्याने कुलपांना लावला, अडकलेल्या नळांना लावला आणि लग्नाच्या वेळी सासऱ्यांनाही लावला होता. सासरे सैल व्हायला बराच काळ गेला, पण चावी मोडली नाही. तेव्हा आदल्या संध्याकाळी बायकोचा केसांचा टोप त्याने जांभळ्या शाम्पूच्या बादलीत बुडवला आणि निवांत झोपायला गेला, यात त्याच्या बाजूने काहीच चुकलं नव्हतं. सकाळी बादलीतून जे बाहेर आलं, ते मात्र वांग्याच्या रंगाचं होतं.

तो ते हातात धरून उभा राहिला. जांभळं पाणी त्याच्या पायांवर गळत होतं. पलीकडे स्वयंपाकघरात बायको उठल्याचा आवाज आला. कित्येक महिन्यांनी आज ती कामावर जाणार होती.

टोप परक्याच्या केसांचा नव्हता. तिच्याच केसांचा होता. धाकटी, म्हणजे बायकोची बहीण, केस रंगवण्याचं काम शिकत होती तेव्हा तिला सरावासाठी डोकं द्यायला कोणी तयार होईना. ताईने दिलं. पहिल्या खेपेला केस गाजरासारखे झाले, दुसऱ्या खेपेला वाळल्या गवतासारखे, आणि मग एकदा असा काही शांत, राखेची झाक असलेला सोनेरी रंग उतरला की ताईने तो कायमचा ठेवून घेतला. बस स्थानकात चौकशीच्या खिडकीत ती बसायची. लोक गाडीची वेळ विसरत, पण ‘त्या राखी केसांच्या बाईंनी सांगितलंय’ हे विसरत नसत. आजार निघाला आणि औषधाने केस जाणार हे कळलं, तेव्हा तिने कात्री मागवली. “ते मला सोडून जाण्यापेक्षा मीच त्यांना काढून टाकते,” म्हणाली, जसं काही कामचुकार नोकराबद्दल बोलावं. धाकटीने ते केस गोळा केले, टोप करणाऱ्याकडे नेले आणि बहिणीचं डोकं बहिणीला परत आणून दिलं.

पण रंगवलेले केस डोक्यावर असोत की जाळीवर, ऊनपाणी लागलं की आपल्या वळणावर जातात. टोप पिवळा पडायला लागला, न घासलेल्या पितळी भांड्यासारखा. धाकटीने जांभळ्या शाम्पूची बाटली आणून भाऊजींच्या हातात दिली. “पाण्यात थोडासा घाला, टोप बुडवा, तीन मिनिटं थांबा. तीनच! मग साध्या पाण्याने धुऊन टाका.”

कुलूपवाल्याने टोपाकडे पाहिलं आणि मनात निदान केलं : गंज. तीन मिनिटांत गंज जातो म्हणणारा माणूस एक तर खोटारडा असतो, नाही तर गिऱ्हाईक. त्याने अख्खी बाटली ओतली.

आणि हे सगळं आजच्या दिवशी. कामावरच्या लोकांना बायकोने पाठीचं दुखणं म्हणून कळवलं होतं. “मला त्यांची तोंडं बघायची नाहीत,” ती रात्री म्हणाली होती. “मान वाकडी करून ‘कशा आहात?’ विचारतात ना, तसं एकाने जरी विचारलं, तरी मी तिथूनच परत येईन. पुन्हा म्हणून पाऊल ठेवणार नाही.” डॉक्टरांनी पुढचं औषध सांगितलं होतं. त्याच्या पुढचं काही सांगितलं नव्हतं. तोवर तिला आपल्या खिडकीत, आपल्या केसांत बसायचं होतं. एवढंच मागणं होतं तिचं, आणि ते आता बादलीच्या कडेवर निथळत होतं.

त्याने फोन करताच धाकटी ड्रायर घेऊन धावत आली. टोप पाहिला आणि भिंतीला टेकली.

“भाऊजी, रात्रभर?”

“पिवळं बरंच होतं.”

“अहो, जांभळा रंग पिवळ्याला मारतो. पिवळं संपलं की तो कुठे जाणार? बसतो ठाण मांडून, घरजावयासारखा! आणि हे मेलेले केस, पाणी पितच राहतात.”

“मग आता धुण्याचा सोडा...”

“सोड्याचं नाव काढलंत तर तुम्हालाच बुडवीन!” तिने टोप दोनदा साध्या शाम्पूने धुतला. वांग्याचा रंग जाऊन कोवळ्या वांग्याचा आला. “निघेल, पण चार-पाच धुण्यांनी. आज नाही निघत.”

बायको दारात येऊन उभी होती. डोक्याला रुमाल, अंगात कामाचा निळा कोट. तिने टोपाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या जांभळ्या झालेल्या हातांकडे, मग पायांकडे. कुलूपवाल्याला काहीतरी बोलायचं होतं. आयुष्यभर बंद वस्तूंशी बोलून त्याची माणसांशी बोलायची सवय गेली होती.

“मला वाटलं, जुनं आहे, मुरू द्यावं,” तो म्हणाला.

तिने ड्रायर उचलून धाकटीच्या हातात दिला. मग म्हणाली, “वाळव गं. उशीर होतोय.”

“ताई, हे घालून जाणार? रुमाल बांध की.”

“रुमाल बांधला की लोकांना कळतं आजारी आहे. हे घातलं की काय कळेल?”

धाकटीने विचार केला. “वेडी आहे, असं कळेल.”

“चालेल,” ताई म्हणाली.

कुलूपवाला बसमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसला. सोबत आलेलं तिला चालणार नव्हतं, पण बस सगळ्यांची असते. स्थानकात तो चौकशीच्या खोलीबाहेर पाण्याच्या नळापाशी उभा राहिला. दार उघडं होतं.

आत तिघं होती. टेबलामागे साहेब, कोपऱ्यात हिशेब लिहिणाऱ्या बाई आणि शेजारच्या खिडकीतला भोंगा. भोंग्याला भोंगा म्हणत, कारण त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे आणि माईकची गरज लागत नसे. साहेबांनी एकदा वेगवेगळ्या रंगांचे मोजे घातले होते, तेव्हा ते सहा नंबरच्या फलाटापर्यंत सर्वांना कळलं होतं.

बायको आत गेली. जांभळं डोकं दिव्याखाली चमकलं.

“या,” साहेब म्हणाले आणि फाईल उघडली.

“पाठ बरी ना?” हिशेबाच्या बाईंनी कागदाला विचारलं.

भोंग्याने तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाला, “आज उकडतंय.”

बस्स. पुढे काही नाही. कुलूपवाल्याला आधी हायसं वाटलं. मग त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि ते हायसं वाटणं तिथेच संपलं. वांग्यासारखं डोकं घेऊन बाई कामावर येते आणि भोंगा हवामानावर बोलतो! चावी न फिरवताच कुलूप उघडलं, तर ते आधीच उघडं होतं असं समजायचं, एवढं त्याला कळत होतं. तिलाही कळलं.

ती खुर्चीत बसली नाही. “माझे केस जांभळे आहेत,” ती म्हणाली.

साहेबांनी फाईलचं पान उलटलं.

“जांभळे! दिसत नाहीत का कुणाला?”

“असं... थोडीशी झाक,” साहेब फाईलमध्ये म्हणाले.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

भोंगा उठला, बसला, परत उठला. “कोणी नाही हो. पण पाठीसाठी एवढी रजा कोण घेतं? आणि तुमचे मिस्टर कपाटाचं कुलूप दुरुस्त करायला आले होते. मी विचारलं, पाठ कशी आहे? तर म्हणाले, कोणाची? तेव्हाच ओळखलं, दुखणं मोठं आहे, केस जाणारं.”

नळापाशी उभ्या असलेल्या माणसाने नळ विनाकारण बंद केला. तो बंदच होता.

“तेव्हापासून माहीत आहे?” बायकोचा आवाज खाली गेला.

“साहेबांनी ताकीद दिली होती,” भोंगा म्हणाला. “केसांकडे बघायचं नाही, केसांवर बोलायचं नाही. रोज सराव केला आम्ही. या बाईंना समोर बसवून न बघण्याचा सराव. आणि तुम्ही हे घालून आलात! बाई, मी मेलो असतो आतल्या आत!”

हिशेबाच्या बाईंना हसू फुटलं आणि त्या लगेच रडायला लागल्या. साहेबांची मान हळूहळू एका बाजूला कलायला लागली होती.

“मान सरळ,” बायको म्हणाली.

साहेबांनी मान सरळ केली.

तिने पर्स उचलली. कुलूपवाल्याला वाटलं, झालं. आता ती बाहेर येणार, त्याच्या समोरून जाणार, आणि ही खिडकी संपणार. ती उभीच होती. त्या टोपाखाली तिला घाम आला होता. जांभळा एक ओघळ कपाळावरून उतरत होता, आणि त्याच्याकडे आता सगळे सरळ, उघडपणे बघत होते.

बाहेरून कुणीतरी काच ठोकली. “अहो बाई, रांग केव्हाची थांबलीय! झोपलात काय?”

या माणसाला काही माहीत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर दया औषधालाही नव्हती. नुसता राग होता, स्वच्छ, रोजचा.

बायकोने टोप काढला. भोंग्याच्या पाण्याच्या तांब्यावर ठेवला. बोडक्या डोक्यावरचा घाम रुमालाने पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. “ओरडू नका. कुठे जायचंय?”

“माझा तांब्या!” भोंगा ओरडला, अगदी फलाटापर्यंत. “बाई, पाणी कसं प्यायचं मी?”

“टोप उचलून प्या.”

रांग पुढे सरकू लागली. कुणी तिच्या डोक्याकडे टक लावून पाहिलं, एका लहान पोरीने बोट दाखवलं, तर कुणाला गाडीशिवाय काही दिसलंच नाही. ती वेळा सांगत होती, फलाट सांगत होती, चुकलेल्या माणसांवर खेकसत होती.

कुलूपवाला नळापासून हलला आणि रांगेत उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याचा नंबर आला. आपले जांभळे हात त्याने खिडकीच्या फळीवर ठेवले.

“कुठे जायचंय?” तिने वर न बघता विचारलं. मग पाहिलं.

“कुठेच नाही,” तो म्हणाला.

“मग रांग अडवू नका. मागे माणसं आहेत.”

“बरं,” तो म्हणाला. बाजूला झाला आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिला.