साठ तक्ते आणि एक डबा

"सांगितलं तर मानणार न्हाईस, भीमण्णा. गुलबर्ग्याचा सगळा तुरीचा बाजार आमच्या विजीनं चालता चालता उचलला अन् दुसऱ्या जागी ठिवला. दाणा सांडला न्हाई!"

मंठाळच्या हॉटेलात अंकुशरावांनी सुरुवात केली, की चहावालासुद्धा कप विसळायचा थांबे. आज तर सुट्टीला आलेली नात, विजयश्री, शेजारीच बसली होती.

"पोरगी हाय का क्रेन?" भीमण्णा फिस्सकन हसला.

"ऐक की! डाळीच्या कंपनीत आवक किती, भाव किती, हे पडद्यावर रंगीत तक्त्यांत दावणारं सॉफ्टवेअर हाय. ते एका बंद डब्यात ऱ्हातंय, कंटेनर म्हणत्यात. जुना डबा काढून टाकायचा, नव्या व्हर्जनचा ठिवायचा. कच्च्या नोकरीतलं हिचं पहिलं काम. चुकलं की बस धरायची अन् घरी यायचं!"

"मग?"

"मग काय! बंगळुराचे चाळीस इंजिनियर हात जोडून उभे. साहेबाचा घाम पुसायला दोन शिपाई. हुमनाबादपस्तोर ट्रकांची रांग. पर मी आदल्या दिशीच फोनवर सांगितलं व्हतं, 'बाई, कणगी मोडायच्या आधी बियाणं बाजूला काढावं. तक्ते डब्यात ठिवू नको, भाईर ठिव.' तिनं ठिवले. डबा बदलला, अन् तक्त्यातली एक रेघ हालली न्हाई. साहेब म्हणला, पोरी, तू पक्की!"

नोकरी पक्की झाली, एवढं खरं होतं. त्या दिवशीचा नातीचा रडका फोन मात्र अंकुशरावांनी गोष्टीतून अलगद काढून टाकला होता. तिच्या हातून झालेली चूक गावाला कशाला दाखवायची? त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि मोठ्या रुबाबात बशी तोंडाला लावली.

"आबा, खोटं कामून सांगायलाव?"

विजयश्री उठून उभी राहिली होती. सगळं हॉटेल तिच्याकडं बघू लागलं.

"तक्ते डब्यातच ऱ्हायले व्हते, भीमण्णाकाका. जुना डबा काढून टाकला अन् त्याच्यासंगं माझ्या हातानं गेले, साठच्या साठ. कुणाच्या ध्यानात यायच्या आधी मीच साहेबाकडं जाऊन सांगितलं, अन् तीन दिवस बसून एकूण एक परत मांडले. त्याच्यासाठी पक्की केलीया मला."