बेचाळिसावा पेपर आणि अकरा वाट्या

फेफरं आणि लकवा या दोन दुखण्यांवर डॉक्टर भाग्यश्रीबाईंचे एकेचाळीस पेपर परदेशी मासिकांत छापून आलेत. एकावर एक रचले तर पन्हाळ्याचा तट चढता येतो. मी स्वतः अर्ध्यापर्यंत चढलोय. पुढं इंग्रजी निसरडं लागलं म्हणून उतरलो.

बेचाळिसावा मात्र अडला. लकवा होऊन गेल्यावर ज्यांना फिट येते, अशा कबनूरकडच्या साठ जणांना बाईंनी एक स्वस्तातली गोळी वर्षभर दिली. सोबत एकेक वही. फिट आली की त्या तारखेला फुली मारायची, एवढंच काम. गोळी लागू पडली तर ती गावोगावच्या सरकारी दवाखान्यांत जायची होती.

वर्ष सरलं, वह्या आल्या. साठच्या साठ कोऱ्या. इतक्या कोऱ्या की दुकानदारानं परत घेतल्या असत्या.

मदतनीस अरिहंत म्हणाला, "मॅडम, पाठवून द्या की. जगात असा निकाल कुणाचा नसेल."

"म्हणूनच पाठवत नाही. साठ जणांत वर्षभर एकही फिट नाही? उद्या ही गोळी गावोगाव वाटली आणि निकामी निघाली, तर माणसं मरतील. खरं कळलं नाही तर पेपर फाडायचा."

आणि बाई उठून कबनूरला गुंडूच्या घरी गेल्या. कबनुरात यंत्रमागांचा खडखडाट एवढा, की तिथली तान्ही पोरं रडायच्या आधी हात वर करून परवानगी घेतात. गुंडू मागावरचा कामगार, त्या साठांतलाच एक. दोन वर्षांमागं लकव्यानं आडवा झालेला, बाईंनीच उभा केलेला.

"गुंडूदादा, खरं सांगा. फिट येते?"

"न्हाय की. एक बी न्हाय. जोतिबाची आन."

चहा घेऊन आलेली त्याची बायको झुंबरबाई दारातच थांबली. "आन घिऊ नगासा. त्येला सगळं ठावं हाय."

"अगं गप की."

ती गप बसली नाही. आत जाऊन तिनं फडताळातनं सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांची माळ आणली. चैत्रात जोतिबावर गुलाल-खोबरं उधळतात. नवऱ्याला फिट आली की तिनं देवाच्या नावानं एक वाटी बाजूला काढलेली, आणि देवाच्या हिशेबात घोटाळा नको म्हणून त्या दिवसाचं कॅलेंडरचं पान फाडून वाटीत खोचलेलं. वाट्या अकरा.

बाईंनी एक पान उलगडून तारीख पाहिली. "मावशी, मग वही कोरी कशी?"

गुंडूनं मान खाली घातली. "तुमी मला मरणाच्या दारातनं वडून आणलं. त्या माणसाला तोंडावर म्हणायचं व्हय, तुमची गोळी चुकली म्हणून? दवाखान्याच्या बाकड्यावर समद्यांनी ठरवलं, बाईस्नी दुखवायचं न्हाय."

"ठरवलं कुणी?"

"ह्यांनीच," झुंबरबाई म्हणाली. "चांगल्या कामात फुडं असत्यात."

बाईंनी फरशीवर पानं ओळीनं लावली. पहिल्या चार महिन्यांत सात. मधल्या चारांत तीन. शेवटच्या चारांत एक. पुन्हा मोजली. मग हसल्या.

"गोळी चुकली नाही, दादा. चालतेय."

"आन मी वर्सभर लपीवतोय?"

"लपवलंत म्हणून मला डोस वाढवता आला नाही. नाहीतर हे शेवटचं पानही फाडावं लागलं नसतं."

मग बाई उरलेल्या एकोणसाठ घरांत गेल्या. कुठं खोबरं, कुठं आणखी काही. जैन गल्लीत पद्मावतीकाकूंनी मुलाच्या प्रत्येक फिटला एक दिवस एकच वेळ जेवून काढलेला, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं तारखा. चार घरांत काहीच नव्हतं. ती चार सोडली, आणि सोडली असं पेपरात लिहिलं. घरटी दोन कप चहा झाला. तेव्हापासून बाईंची गाडी पेट्रोल मागत नाही, चहावरच चालते, असं मी ऐकून आहे, ऐकवणाराही मीच.

फिट शून्यावर आल्या नव्हत्या, पण निम्म्याहून कमी झाल्या होत्या. परदेशातल्या परीक्षकानं विचारलं, या खोबऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? बाईंनी कळवलं, "आमच्याकडं भिडेपोटी डॉक्टरशी खोटं बोलतात. देवाशी नाही." पेपर छापून आला.

तो दाखवायला बाई कबनूरला गेल्या. झुंबरबाईनं पानं उलटून पाहिली. "किती माणसं वाचत्यात ह्ये?"

"असतील दोनेकशे."

"एवढीच? नातीच्या बारशाला आमची चारशे पानं उठली."

"पण त्यात सरकारी गोळ्या ठरवणारे एक साहेब आहेत. त्यांनी भेटायला बोलावलंय."

"त्येनलाच हितं जेवायला आणा की," झुंबरबाई म्हणाली. "आमचं ह्ये पुन्यांदा लाजून खोटं बोलाय लागलं, तर खरं सांगाय मी हाय."