नेम दाजींचा, रोख मेहुण्यांचा

तोफ म्हटलं की तुम्ही कानांवर हात ठेवता. खुशाल काढा ते हात, मित्रांनो. मी एक जुनी दोर फेकणारी तोफ आहे आणि जन्मात मी कुणाला मारलेलं नाही. खडकांवर होडी अडकली की माझ्या तोंडातून लोखंडी गोळा सुटायचा, त्याला लांबलचक दोर बांधलेला असायचा आणि तो धरून माणसं किनाऱ्याला लागायची.

भट्टीतून निघाले तेव्हा ओतारी म्हणाला होता, "नाकी डोळी नीटस झालीय." हे कौतुक मी अजून विसरलेली नाही.

बंदरावर मला दोन माणसं सांभाळायची, दाजी आणि त्यांचे मेहुणे. दाजी नेम धरायचे. मेहुणे चाक फिरवून रोख लावायचे. तुम्हाला दोन्ही एकच वाटेल, पण तसं नाही हं. डोळा जिथे लागतो तो नेम. माझं तोंड जिकडे वळतं तो रोख. वारा उजवीकडून असला की नेम होडीवरच ठेवायचा, पण रोख उजवीकडे सरकवायचा. मग वाराच दोराला ढकलत होडीवर नेतो. म्हणून आमचा एक नियम होता: चाकावरच्या माणसाने होडीकडे बघायचं नाही. दाजी आकडा सांगायचे, मेहुणे चाकाची टकटक मोजायचे. बाकी दिवसभर दोघं चहाच्या साखरेवरून भांडायचे ते वेगळं.

एका वादळात होडी फुटायला आली. तिच्यावर तिघं होते, त्यांतला एक मेहुण्यांचा मुलगा. कोरडे दोर दोनच उरले होते.

"उजवीकडे चार," दाजी म्हणाले.

मेहुण्यांनी चार मोजले. मग मान वर केली, मुलाला पाहिलं आणि त्यांच्या हातांनी चाक हळूच मागे घेतलं. माझं तोंड सरळ होडीकडे वळलं. मला कळत होतं, पण तोफेला बोलता येत नाही. दोर वाऱ्याने वाहवत डावीकडे समुद्रात पडला.

दाजी रागावले नाहीत. "मेहुणे, पाठ करा तिकडे."

"माझा पोरगा आहे हो तिथे, दाजी."

"म्हणूनच सांगतोय."

मेहुण्यांनी समुद्राकडे पाठ केली, डोळे घट्ट मिटले आणि मोजलं. टक, टक, टक, टक. दोर होडीवर आडवा पडला. तिघंही आले. मुलगा भिजलेला, थरथरणारा, वडिलांना बिलगला, तेव्हा मला फार फार बरं वाटलं.

आता दाजी नाहीत. मला बागेत ठेवलंय. तोंडात खाऊचे कागद कोंबतात, आणि रंगाऱ्याने चाकासकट मला हिरवा रंग फासलाय. परवा तोच मुलगा वडिलांना हात धरून घेऊन आला. मेहुण्यांना आता दिसत नाही. त्यांनी चाचपडत चाक शोधलं.

"बाबा, राहू दे, तुम्हाला दिसत नाही."

"रोख लावायला डोळे कधी लागले रे?" ते हसले आणि चाक फिरवू लागले. चाक हललं नाही. रंगाने पार चिकटून बसलं होतं. त्यांनी दोनदा जोर लावला, मग नुसताच हात ठेवून उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, मला चकाकी नको, हारही नको. कुणीतरी चाकावरचा रंग खरवडून थोडं तेल सोडा. ते पुन्हा येतील, तेव्हा त्यांना चार टकटक ऐकू यायला हव्यात.