नंदीच्या कानापलीकडे

पूर्वेच्या केबिन रोडकडून पश्चिमेला जाणारा रुळांखालचा भुयारी रस्ता आम्ही बायकांनी कधीच सोडून दिला होता. साचलेलं पाणी, अंधार, दारूच्या बाटल्या. मग रीमा नावाची चित्रकार मुलगी आली. तिने माणसं जमवून तो धुऊन काढला, दिवे लावले आणि भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड नळी नेली. नळीच्या दोन्ही तोंडांना कर्णे. वर लिहिलं, ‘बोला, कोणीतरी ऐकतंय.’

पूर्वेच्या माणसाने बोलावं, पश्चिमेच्याने उत्तर द्यावं, एवढाच तिचा हेतू. पण कर्णे काळे, कमरेच्या उंचीवर; वाकल्याशिवाय तोंड पोचत नव्हतं. त्यात श्रावण. कोणीतरी बेल वाहिला, आणि बायका हाताचा आडोसा धरून, नंदीच्या कानात सांगावं तसं, कर्ण्यात मागणं सांगू लागल्या.

“काकी, अहो तो नंदी नाहीये!” रीमा डोक्याला हात लावायची. “पलीकडे माणसं असतात, सगळं ऐकू जातंय!”

“जाऊ दे की. पोचल्याशी मतलब.”

“तुम्ही तरी सांगा यांना,” ती मला म्हणाली. मी नुसती हसले. श्रावणभर सकाळच्या पूजेपासून सांजदिवा लागेपर्यंत माझं मौन असतं.

त्या रविवारी दुपारी देवळातून परतताना पश्चिमेच्या कर्ण्यापाशी कोणी नव्हतं. मी सहज कान लावला.

“म्हादेवा, मी इंदुबाई,” एक म्हातारा आवाज अगदी कानाच्या आत बोलला. “उद्या डोल्याचं आपरेशन हाय. पोरगा बोटीवर, सून बालंतीन. दवाखान्यातली म्हनतात, एकटी येऊ नको. संगतीला एक मानूस धाड. बाकी काय नको.” मग पुटपुटत, “भ्या वाटतंय रं.”

जन्मभर मी नंदीच्या कानाच्या अलीकडून बोलत आले. बोललेलं जिथे पोचतं ती बाजू कधी पाहिली नव्हती. आज मी तिथे उभी होते. ओली भिंत, एक ट्यूबलाइट, वरून धडधडत गेलेली गाडी, आणि माझ्या कानात दुसऱ्याचं मागणं. मी गप्प राहिले असते तर इंदुबाई समाधानाने घरी गेली असती. आणि सकाळी तिच्यापाशी कोणीच आलं नसतं.

डोळे मिटून देवाची क्षमा मागितली. कर्ण्याला तोंड लावलं.

“किती वाजता जायचंय?”

पलीकडून हळूच, “म्हादेवा... तू बाईमानूस हाय?”

“नाही हो मावशी! मी सुलू, जेसल पार्कातली. नळीच्या दुसऱ्या टोकाला आहे.”

“मंग म्हादेव कुठं गेला?”

“ते मला नाही ठाऊक. उद्या मी येते. चालेल?”

“लय हलू बोलतीस गो. येतीस म्हनलीस ना?”

“येते!” मी ओरडले. भुयार घुमलं. माझा एवढा मोठा आवाज आमच्या ह्यांनीही कधी ऐकला नसेल.

मी तिच्या बाजूला चालू लागले. समोरून एक म्हातारी नळीवर हात ठेवून चाचपडत येत होती. जवळ आल्यावर तिने माझा खांदा शोधला, मग गाल.

“आठ वाजता,” ती म्हणाली. “उपाशी येऊ नको हां. लय वेल बसायला लागंल.”

उद्या श्रावणी सोमवार. मी मान डोलावली, पण ती तिला दिसणार नव्हती.

“खाऊन येते,” मी म्हणाले.