जागेश्वर शिपायाची पेटी

मित्रांनो, मला डबा म्हणू नका. मी पेटी आहे. जुनी आहे, पत्र्याची आहे, पण शिपायाची आहे. माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि पलटणीचा नंबर लिहिलेला आहे. गावात दुसऱ्या कोणाच्या पेटीवर असा नंबर असेल तर आणून दाखवा.

गोंदियाच्या बाजारात भैय्यालालने मला ठोकून तयार केले. कारागीर बरा, पण हातापेक्षा त्याचे तोंड जास्त चालायचे. बोलता बोलता हातोडा चुकला आणि माझी मागची उजवी बिजागरी तिरपी बसली. तिथे एक धारदार फट राहिली. देवरीकडच्या खेड्यातला जागेश्वर मला घ्यायला आला, तेव्हा त्याचे बोट तिथेच कापले.

"हे तं चावते रे!" तो म्हणाला.

"फौजी आदमी, और इतने में डर गए?" भैय्यालाल म्हणाला.

जागेश्वर हसला. पुढच्या सुट्टीत ठोकून घेऊ, म्हणत त्याने मला खांद्यावर घेतले. ती सुट्टी कधी आली नाही.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात त्याची पलटण काश्मिरात गेली. आम्ही पेट्या खाली छावणीत रांगेने राहिलो. त्याने माझ्यातून लोकरी मोजे काढले, झाकण लावले आणि तो डोंगर चढून गेला. वर काय झाले ते मी पाहिले नाही, आणि न पाहिलेले मी सांगणार नाही. शेजारच्या पेट्यांचे मालक परत आले. त्यातल्या एकाने माझ्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाला, "हा नसता तर आम्ही कोणी उतरलो नसतो." एवढेच मला ठाऊक आहे.

मग आगगाडी, मोटार आणि शेवटी चैतरामची बैलगाडी, असा प्रवास करून मी घरी आले. दारात जागेश्वरची आई अनुसयाबाई उभी होती. तिच्या जिभेला गावचा पाटीलही वचकून असायचा.

"पेटी आणली," ती चैतरामला म्हणाली, "अन् पोरगा कोठी ठेवला?"

चैतराम बैलांकडे बघत राहिला. मागे जागेश्वरची बायको शामकला उभी होती. तिच्या कडेवर प्रेमिला होती. बापाने या पोरीला पाहिलेही नव्हते.

तीन-चार वर्षांनी जागेश्वरला मरणोत्तर शौर्यपदक मिळाले. ते घ्यायला भंडाऱ्याला बोलावणे आले. अनुसयाबाई गेली नाही. "मी कायले जाऊ? पोरगा वापस देऊन राहिले का थे?" शामकला एकटी गेली. तिने परत येऊन सांगितले ते असे. एका मोठ्या साहेबाने इंग्रजी कागद वाचला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला त्यातले नवऱ्याचे नाव तेवढे कळले, चार वेळा. "तुझ्या माणसाने काय केले ते यात सगळे लिहिले आहे," असे सांगून कारकुनाने कागद तिच्या हातात दिला.

ते सगळे काय, हे तिला जाणून घ्यायचे होते. पोरीला सांगायचे होते. देवरीच्या घनश्याम गुरुजींना इंग्रजी येत होते. पण रोवणा सुरू होता. चिखल तयार असताना धानाची लावणी सोडून कोण जाते? रोवणा आटोपला की जाऊ, असे ठरवून तिने पदक देवापुढे ठेवले. कागद माझ्यात, जागेश्वरच्या घोंगडीवर ठेवला आणि झाकण दाबले. त्याचा कोपरा माझ्या तिरप्या बिजागरीत अडकला. मला कळले, पण मला सांगता कुठे येते?

चार दिवसांनी प्रेमिला तापाने फणफणली. शामकला धानाच्या बांधीत रोवण्याला गेली होती. पोरीला पांघरायला म्हणून अनुसयाबाईने घोंगडी उचलली. तिच्यासोबत कागद वर आला, कोपरा फाटून माझ्यातच राहिला.

आमच्याकडे मरणाची खबर देणाऱ्या चिठ्ठीचा कोपरा फाडून पाठवतात, मित्रांनो. अशी चिठ्ठी वाचली की लगेच फाडायची. घरात राहिली तर दुसरे मरण बोलावते, असे मानतात. अनुसयाबाईला वाचता येत नव्हते, पण हे येत होते. तिने कागदाकडे पाहिले, पोरीच्या कपाळाला हात लावला आणि कागदाचे तुकडे करून भरल्या नाल्यात सोडून आली. मी उघडी पडून बघत राहिले.

शामकला आली. "माय, येथचा कागद?"

"फाडला. कोपरा फाटलेली चिठ्ठी घरात ठेवतेत का वं? लेकरू तापून राहिलं, अन् तू पेटीत मरण घालून ठेवतेस!"

शामकला म्हणाली, "त्यायनं काय केलं थे लिहिलं होतं त्यात. कोपरा होता माय त्याले."

अनुसयाबाई तशीच उठली. ती पुन्हा नाल्यावर गेली, गुडघाभर पाण्यात उतरली, हातांनी पाणी चाळत राहिली. पाण्याने आपले काम कधीच केले होते. दुसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. आता दोष कोणाला देऊ?

घनश्याम गुरुजींनी सरकारकडे कागदाची नक्कल मागितली. उत्तर आले, कागदाचा नंबर कळवा. गुरुजींनी माझ्या झाकणावरचा पलटणीचा नंबर लिहून पाठवला. पुन्हा तेच उत्तर, कागदाचा नंबर कळवा. तो नंबर कोपऱ्यावर होता. कोपरा माझ्यात होता. पुढे बिजागरीने प्रेमिलाचे बोट कापले, तेव्हा "मेली चावते" म्हणत अनुसयाबाईने बिजागरीवरच चिंधी करकचून बांधली. झाले, उरलीसुरली आशाही झाकली गेली.

आज साठ साल आहे. प्रेमिला देवरीच्या शाळेत इंग्रजी शिकते. माझ्यावर बसून मोठ्याने धडे वाचते. अनुसयाबाई भिंतीला टेकून ऐकते. धडा संपला की म्हणते, "अजून वाच." पोरीला वाटते, आजीला इंग्रजी आवडते. मला ठाऊक आहे, म्हातारी त्यात जागेश्वरचे नाव येते का ते ऐकत असते.

ती मला रोज पुसते. चिंधीवरूनही हात फिरवते. म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू नुसत्या पुसू नका. त्यांच्या सांधीत, फटीत एकदा बघा. आम्हाला हाक मारता येत नाही. आणि कधी त्या घरी गेलात, तर पाणी प्यायच्या आधी माझी चिंधी सोडा.

कोपरा अजून कोरडा आहे.