तळ्यावरचं मेण

माझ्या मोठ्या दिरांना, दादांना, सगळं कळतं. निदान त्यांचं तरी तसं मत आहे, आणि आमच्या घरात दुसऱ्या कुणाच्या मताला फारशी किंमत नव्हती. मेणाचा कारखाना सासऱ्यांनी काढला, माझ्या नवऱ्याने वाढवला. दादांनी तिथे एक फिरती खुर्ची आणून ठेवली आणि तीत बसून उपदेश सुरू केला. मी मालाची तपासणी करते. कुठलं मेण किती उष्णतेला वितळतं, गार झाल्यावर किती कडक होतं, ते बघायचं. दादांच्या भाषेत, "धाकटी प्रयोग-प्रयोग खेळते."

त्या हिवाळ्यात दादांच्या डोक्यात काटकसरीचा किडा वळवळला. टाकीपासून साच्यांकडे जाणारा पाइप वाफेने सतत ऊबदार ठेवावा लागतो. सुट्टीच्या दिवशी त्यांनी ती वाफ बंद करायला लावली.

"मेण काय, पाइपातून पळून जाणार आहे?"

पळून नाही गेलं. आतल्या आत गोठून बसलं. सुट्टी संपवून आलो तर पाइप मुसळासारखा गच्च.

फिटर म्हणाला, "वाफ सोडतो. हळूहळू सुटेल."

हळूहळू हा शब्द दादांना सोसत नाही. त्यांनी गॅसचा बर्नर पेटवला आणि पाइपाच्या बरोबर मध्यावर धरला.

"दादा, मधे नको," मी म्हणाले. "मेण वितळलं की फुगतं. दोन्ही बाजूंना बूच बसलंय, ते जाणार कुठे? आणि आधी टाकीचा व्हॉल्व्ह तरी बंद करू द्या."

"मला मेण शिकवतेस? लहानपणापासून मेणबत्त्या बघतोय मी!"

फिटरने पाना खाली ठेवला आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला. शहाणा माणूस.

पाइपाचा टाकीकडचा सांधा फुटला. आयुष्यात कधी जिना चढताना घाई न केलेले दादा सशासारखे उडाले. कुणी भाजलं नाही, काही पेटलं नाही, हे नशीब. पण व्हॉल्व्ह उघडाच होता. माझा नवरा धावत जाऊन तो बंद करीपर्यंत टाकीतलं गरम मेण अंगणातून गटारात आणि गटारातून भिंतीपलीकडच्या तळ्यात गेलं होतं.

ते तळं माशांचं. थंड पाण्यावर मेण पसरलं आणि पसरता पसरताच पांढरं पडलं. बुडेना, विरघळेना. काठापासून काठापर्यंत साय धरल्यासारखा थर जमला, आणि जिथे फट राहिली तिथे मासे तोंडं वर काढून दाटीवाटीने धापा टाकू लागले.

तळेवाला म्हातारा भिंतीवरूनच ओरडला, "हे काय ओतलंत?"

"घाबरू नका, मेण बिनविषारी असतं," दादा म्हणाले. "विरघळत नाही, म्हणजे तुमचं पाणी जसंच्या तसं."

"मग माशांना सांगा तसं. माझ्यावर कशाला उपकार?"

"शिवाय जंतू खाऊन टाकतात ते. निसर्गाची सोय असते."

"कधी खातात?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. नाकाने कांदे सोलून झाले की उत्तरं द्यायला धाकटी लागते.

"खातात," मी म्हणाले, "पण या मेणाच्या रेणूंच्या साखळ्या लांबलचक. त्यात अशा जाड ढेपा, वर ही थंडी. वर्षानुवर्षं कुरतडत बसतील, काका."

एवढं ऐकून दादांनी काय करावं? जंतूंच्या पावडरीची पोती मागवली. कोट घालून ती स्वतःच्या हाताने उधळली, फोटो काढून घेतले. दुसऱ्या दिवशी पावडर मेणावर तशीच पडून होती. चिमण्या आल्या, दाणे समजून चोच मारून बघितली आणि निघून गेल्या. चिमण्यांना तेवढी अक्कल होती.

माझा नवरा भावापुढे कधी हूं की चूं करत नसे. त्याने कामगारांना घेतलं, फळ्या आणि जाळ्या घेतल्या आणि तळ्यात उतरला. पहाटेच्या गारठ्यात मेण काचेसारखं तडकतं; ऊन चढलं की मऊ पडून जाळीला चिकटतं. म्हणून रोज उजाडता उजाडताच थर फोडायचा आणि ओढून काठावर टाकायचा. दादा मफलर गुंडाळून काठावर उभे. "तिकडे राहिलं. अरे, तिकडे!"

नवऱ्याने कमरेएवढ्या पाण्यातून जाळी त्यांच्यासमोर धरली. "धरा. नाहीतर घरी जा."

दादा घरी गेले.

काढलेलं मेण वितळवून गाळलं. खोकी जलरोधक करायला ते चाललं. मासे मात्र निम्मे गेले. नवी पिल्लं आम्ही आणून सोडली, पण काठच्या लव्हाळ्यात अडकलेलं मेण काही निघालं नाही. उन्हाळ्यात ते देठांना माखतं, हिवाळ्यात कडक होतं. तळेवाला सुरी घेऊन ते खरवडत बसलेला दिसतो. कामापुरतं बोलतो. त्याचं काय चुकलं?

दादा आता कारखानदारांच्या संघटनेत पर्यावरण समितीचे अध्यक्ष आहेत. "आम्ही एक तळं कसं वाचवलं" यावर त्यांचं भाषण असतं. पावडर उधळतानाचे फोटो पडद्यावर दाखवतात. आम्हालाही बोलावणं होतं. गेलो नाही.

वाफेच्या खोलीची किल्ली नवऱ्याने फिटरकडे दिली आहे. दादा आत आले की तो हातातलं काम थांबवतो, आणि ते बाहेर पडेपर्यंत त्यांच्या हातांकडे बघत उभा राहतो.